केरूच्या नावाला ओ

६ नोव्हेंबर, रास अल खैमा

पार्सल वाहणाऱ्या माझ्या भावांनो, ही वही मी तुमच्यासाठी लिहायला घेतली आहे. दुबईच्या उड्डाणपुलांवर, शारजाच्या ट्रॅफिकमध्ये, अबू धाबीच्या रीम आयलंडवर पस्तिसाव्या मजल्याच्या लिफ्टची वाट बघत उभे असलेले तुम्ही सगळे. आपलं सगळ्यांचं दुखणं एकच आहे. दिवसभरात आपल्याला कुणी नावाने हाक मारत नाही. गिऱ्हाईक ‘डिलिव्हरी’ म्हणतं, वॉचमन ‘ए बाईक’ म्हणतो, कंपनी आकडा म्हणते. बारशाला आत्याने कानात सांगितलेलं नाव विमानतळावर उतरल्याबरोबर जमा करून घेतात, त्याची पावतीही देत नाहीत.

मी हेमचंद्र पालशेतकर, वय एक्केचाळीस, तालुका गुहागर. सतरा वर्षं कारखान्यांच्या गेटवर भाषणं केली. कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा माझं भाषण ऐकायला गेटच उरलं नाही. मग आलो इकडे. शारजात तीन महिने बाईकच्या लायसन्ससाठी घालवले आणि आज इथे पोचलो.

खोटं कशाला बोलू, मन प्रसन्न आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सुकट रंगाचे उघडे डोंगर. हवा गार. खोलीत सहा जण, पण मला खिडकीजवळची खाट मिळाली. शेजारच्या खाटेवर अबुजर आहे, दाभोळचा, म्हणजे खाडीपलीकडचा शेजारीच. त्याने सुरमईचं कालवण केलं होतं. मी जेवता जेवता रायडरांच्या हक्कांवर बोलत सुटलो, तेव्हा म्हणाला, मास्तर, इथे टाळ्या मिळत नाहीत, नुसते स्टार मिळतात, पाचापैकी किती ते गिऱ्हाईक ठरवणार. सगळी खोली हसली. मीही.

९ नोव्हेंबर

आज कामाला लागलो. कसा लागलो ते स्पष्ट लिहितो, कारण पुढे कुणी विचारलं तर माझ्याकडे लपवण्यासारखं काही असू नये.

आमचा सुपरवायझर मुश्ताक. पोट सुटलेला, बोलायला गोड. तो म्हणाला, तुझा आयडी बनायला तीन आठवडे लागतील, तुझी कागदपत्रं आणि ओळखपत्र माझ्याकडे राहू दे, प्रोसेसला टाकतो. तोपर्यंत केरू मांडवकरच्या आयडीवर चालव. केरू कुठे आहे? गावी गेलाय, सुट्टीवर. हा त्याचा फोन, हे त्याचं कार्ड, ही त्याची बाईक.

मी विरोध केला. दोन मिनिटं बोललो, माणसाचं नाव ही उसनी द्यायची वस्तू नाही, असं बरंच काही. मुश्ताकने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “हो गया? यल्ला, हेल्मेट पहनो.” मागे रांगेत उभे असलेले हसले. सगळेच असं करतात, भावांनो. नवा माणूस आला की आधी दुसऱ्याच्या आयडीवर चालवतो. तुम्हीही केलं असेल.

मुश्ताकने फोन माझ्या चेहऱ्यासमोर धरला. ॲपमधला केरूचा फोटो मी पाहिला होता: बारीक चण, गालफडं बसलेली, चष्मा नाही. माझा चेहरा घमेल्यासारखा, वर चष्मा. तरी हिरवी खूण आली. चेहरा जुळला.

रात्री अबुजर म्हणाला, मशीनला चेहरा बघायचाच नसतो मास्तर, हेल्मेटखाली कुणीतरी आहे एवढंच तिला बघायचं असतं.

११ नोव्हेंबर

मला डोंगराचा रूट मिळाला. कुणाला नको असतो म्हणे. मला तर लॉटरी लागल्यासारखं वाटलं! तरुणपणी कुंभार्ली घाट एकट्याने बाईकवर चढायची हौस होती, ती इथे पुरी होतेय. वळणावर वळण, रस्त्यात मध्येच शेळ्या, कोरडी पडलेली वादी. वादी म्हणजे इथली नदी, वर्षातले चार दिवस वाहते आणि बाकी दिवस नुसते दगडगोटे.

शेवटचं गाव वादी खरूस. तिथे सरकारने बांधून दिलेली नवी घरं ओळीने उभी आहेत. त्यातल्या शेवटच्या घरात साजिदा नावाची बाई कामाला आहे, हैदराबादकडची, पन्नाशीची. ती भिंतीपाशी कपडे वाळत घालत होती. मला बघून तिने हाक मारली, “केरू भाई! बहुत दिन के बाद?”

मी ओ दिली. जॅकेटच्या पाठीवर आकडा केरूचा, बाईक केरूची. कशाला समजावत बसायचं? हात वर केला आणि म्हटलं, हां, आया.

तिथून पुढे बाईक जेमतेम पाव मैल जाते. मग पायवाट. अर्ध्या तासाच्या चढावर जुना पाडा आहे, दगडी घरांचा, तीस वर्षांपूर्वी लोक खाली उतरले तेव्हापासून ओसाड. एक पार्सल तिथलं होतं. हलकं, मऊ. नाव अरबीत, सूचना एकच: दारात ठेवणे. लाकडी दार होतं, निळा रंग उडालेला. ठेवलं, नियमाप्रमाणे फोटो काढला. ‘डिलिव्हर्ड’.

उतरताना साजिदा म्हणाली, वर कशाला जाता रोज, वर कुणी राहत नाही. मी म्हटलं, माहीत नाही, पार्सल येतं. गंमत म्हणजे तिच्या फाटकापाशी नेटवर्क नाही आणि त्या ओसाड दारात पूर्ण होतं.

१५ नोव्हेंबर

पहिला अपघात, म्हणजे अगदी किरकोळ. तिसऱ्या वळणावर मागचं टायर पंक्चर. सावली शोधत बाईक ढकलत होतो, तेवढ्यात एक म्हातारा अरब गाडी थांबवून उतरला. त्याने मला घरी नेलं, खजूर आणि गाहवा, म्हणजे इथली कॉफी, दिली, त्याच्या मुलाने पंक्चर काढून दिलं. निघताना खांद्यावर हात ठेवून म्हणाला, केरू, तू बारीक झालास.

मी आरशात पाहिलं. तीन महिने शारजातला उपास. झालो असेन.

वरच्या पाड्याचं पार्सल आजही होतं. मागचं दारात नव्हतं. कुणी तरी घेत असणार. मग मी उगाच काय विचार करतोय?

१८ नोव्हेंबर

आज जे केलं त्याची मला लाज वाटते. तुमच्यासमोर लिहितो.

कंपनीचा फोन, म्हणजे केरूचा फोन, वाजला. साजिदाने दिलेला चहा पीत मी तिच्या भिंतीच्या सावलीत बसलो होतो. तिथे नेटवर्क नसतं म्हणून मी दचकलो. पलीकडे बाईचा आवाज, आमच्या बाजूचाच, मंडणगडकडचा हेल. म्हणाली, मी रंजिता. ऑनलाइन दिसलात म्हणून फोन केला. आज तरी कापू नका.

ती बोलत राहिली. चौदा महिने झाले म्हणाली. एजंटला विचारलं तर तो म्हणतो, वहिनी, तो ऑनलाइन दिसतोय ना, मग जिवंतच आहे, कामात असेल. शाळेत पोरीला बापाचं नाव विचारलं की ती सांगते आणि मग मला विचारते, नाव सांगितलं तर चालतं ना? मी काही मागत नाही हो. नुसती ओ द्या.

चौदा महिने. म्हणजे सुट्टीवर गावी गेलेला केरू गावी पोचलाच नव्हता.

हजार माणसांसमोर माईक नसताना बोललेला माणूस मी. मला एवढंच म्हणायचं होतं: बाई, मी केरू नाही. मी दुसराच कुणीतरी आहे. तुमच्या नवऱ्याचं काय झालं मला माहीत नाही. तीन वाक्यं. पण ती रडायला लागली होती, आणि मी घसा दाबून म्हणालो, “बरा आहे. कामात आहे.”

ती शांत झाली. म्हणाली, आवाज बसलाय तुमचा, थंडी झालीय का? आलं घाला चहात.

२१ नोव्हेंबर

मुश्ताकला विचारलं. केरू खरंच गावी आहे का? तो म्हणाला, “घर गया, खलास.” मी म्हटलं, त्याची बायको फोन करते. मुश्ताकने हात झटकले. म्हणाला, बायका काय, करतातच.

वर जाताना चेन तुटली. अंगठा सोलला.

बाईकपाशी बसून ॲपमध्ये मदतीचं पान शोधत होतो तर जुन्या तक्रारींची यादी उघडली. केरूच्या आयडीवर नोंदलेले सगळे अपघात. ते मी वहीत उतरवून घेतले, कारण डोळ्यांवर विश्वास बसेना.

गेल्या वर्षी सप्टेंबर: पंक्चर, तिसरं वळण. चेन. डावा गुडघा. पाणी.
या वर्षी जानेवारी: पंक्चर, तिसरं वळण. चेन. डावा गुडघा. पाणी.
एप्रिल: तेच.
ऑगस्ट: तेच.

चार वेळा, तोच क्रम. ‘पाणी’च्या पुढे प्रत्येक वेळी एकच ओळ: वरचा पाडा, डिलिव्हर्ड. मग काही दिवस काहीच नाही. मग नवं लॉगिन. चेहरा जुळला.

अबुजरला विचारलं, माझ्याआधी केरूची बाईक कोण चालवायचं? तो आठवू लागला. एक नेपाळी होता. एक पंजाबी. एक केरळचा, फार हसायचा. नावं? नावं काही आठवेनात त्याला. तिघेही गावी गेले म्हणाला.

मी अंधश्रद्धेविरुद्ध गावोगाव व्याख्यानं दिलेला माणूस आहे. रस्ता खराब असला की सगळ्यांना एकाच ठिकाणी खड्डा लागतो. यात भुताटकी नाही, कंपनीचा हलगर्जीपणा आहे. हे मी अबुजरला ठणकावून सांगितलं. तो नेहमीसारखा हसला नाही.

२४ नोव्हेंबर

डावा गुडघा.

वाटेवरचा दगड पायाखालून सरकला. पँट फाटली, रक्त बुटापर्यंत. लंगडत साजिदाच्या फाटकात आलो. तिने हळद लावून पट्टी बांधली आणि बांधता बांधता आपणहून सांगायला लागली. तिचे शब्द तसेच लिहितो.

“पिछले साल एक दिन केरू भाई ऊपर गए, बारिश का दिन था. पानी आया. नीचे नै आए. गाडी मेरी दीवार से लग के तीन दिन खडी रही. फिर ट्रक आया, गाडी ले गया. आदमी को लेने कोई नै आया.”

तिने घरातल्या लँडलाईनवरून मुश्ताकला फोन केला होता. तो म्हणाला, घर गया. महिन्याभराने तीच बाईक परत आली, वर दुसरा माणूस. साजिदाला वाटलं केरूच आला, तिने हाक मारली. त्याने ओ दिली. मग तिसरा. मग चौथा.

मी विचारलं, पण मी केरूसारखा दिसत नाही हे तुम्हाला पहिल्या दिवशी कळलं नाही?

तिने पट्टीची गाठ आवळली. म्हणाली, “पहले दिन नै दिखते थे. अब दिखते.”

आमच्याकडे म्हाताऱ्या सांगायच्या, अनोळखी हाकेला पहिल्यांदा ओ देऊ नये. मी माझ्या व्याख्यानात हे उदाहरण हशा मिळवायला वापरायचो.

२६ नोव्हेंबर

मुश्ताकच्या ऑफिसात गेलो. तयारी करून गेलो होतो. सांगितलं की केरू मेला आहे, त्याचं प्रेत डोंगरात आहे, त्याच्या नावावर तुम्ही चार माणसं चालवलीत. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण केलं मी. आवाज चढला, टेबलावर मूठ आपटली. बाहेरच्या रायडरांनी दारात गर्दी केली. मला वाटलं, आता होणार.

मुश्ताकने स्क्रीन माझ्याकडे वळवली. केरू मांडवकर, ऑनलाइन. आज सकाळपासून सात डिलिव्हऱ्या. म्हणाला, मेलेला माणूस सात डिलिव्हऱ्या करतो का?

सगळे हसले, भावांनो. त्या सात डिलिव्हऱ्या मी केल्या होत्या.

माझं ओळखपत्र मागितलं. ‘प्रोसेस’मध्ये आहे म्हणाला. खिशात फक्त केरूचं कार्ड. पोलिसांकडे जायचं तर कोण म्हणून जायचं?

२७ नोव्हेंबर

लॉगआउट करत होतो. सकाळपासून अकरा वेळा. लॉगआउटलाही चेहरा लागतो. लाल खूण. ‘चेहरा जुळत नाही.’

आत जायला कुणाचाही चालतो. बाहेर यायला फक्त केरूचाच.

फोन बंद केला, बॅटरी संपू दिली, पाण्याच्या टाकीत टाकला. संध्याकाळी मुश्ताकने नवा फोन पाठवला. सगळं जसंच्या तसं. ऑनलाइन.

२९ नोव्हेंबर

आज गेलो नाही. गुडघा सुजलाय. खाटेवर पडून होतो, फोन उशाशी. दुपारी दोनला सहज ॲपमधला नकाशा उघडला.

केरूचा ठिपका हलत होता.

मी खाटेवर, पाय उशीवर. ठिपका तिसऱ्या वळणावर. मग साजिदाचं घर. मग बाईक न जाणारी पायवाट, सावकाश, थांबत थांबत, लंगडणारा माणूस चढेल तशी. मग निळं दार.

फोटो आला. दारात पार्सल. खालच्या कोपऱ्यात, अर्धवट, एक गुडघा. डावा. हळदीची पट्टी, साजिदाने बांधलेली गाठ.

माझी पट्टी माझ्या पायाला होती. हात लावून बघितली. तीन वेळा बघितली.

डिलिव्हर्ड.

३० नोव्हेंबर

आशाला फोन लावला. माझी बायको, सोळा वर्षं झाली लग्नाला. माझ्या स्वतःच्या फोनवरून. म्हटलं, आशा, मी.

ती म्हणाली, कोण बोलतंय?

मी म्हटलं, अगं मी, हेमचंद्र. ती म्हणाली, भाऊ, हे कुठे आहेत, त्यांचा फोन तुमच्याकडे कसा? बरे आहेत ना ते? मला खरं सांगा.

मी आणखी मोठ्याने बोललो. ती घाबरून रडायला लागली. म्हणाली, तुम्ही कुणी मंडणगडकडचे दिसता, मला एवढंच सांगा, ते जिवंत आहेत ना?

काय सांगू?

१ डिसेंबर

अबुजरने मला सकाळी उठवलं. केरू, चहा, म्हणाला.

मी म्हटलं, अबुजर, मस्करी नको. त्याने विचारलं, कसली मस्करी? मी म्हटलं, मी हेमचंद्र. मास्तर. सुरमईचं कालवण, स्टार, टाळ्या—

तो म्हणाला, हां, मास्तर. होता एक. फार बोलायचा. तो गेला ना गावी?

खिडकीजवळच्या खाटेवर मी बसलेलो. मी. त्याच्यासमोर.

ऑफिसात रजिस्टर बघितलं. पालशेतकर हेमचंद्र: घर गया. तारीख २८ नोव्हेंबर. खाली मुश्ताकची सही.

२ डिसेंबर

इथला राष्ट्रीय दिन. गावभर झेंडे, सुट्टी, मुलांच्या हातात फुगे. डोंगरावर ढग.

आता कळतंय. केरू मेला असं त्याच्या घरी अजून कुणीच सांगितलेलं नाही. मुश्ताक म्हणाला नाही, एजंट म्हणाला नाही, साजिदा म्हणाली तर ऐकलं कुणी नाही, मी ऑफिसात म्हणालो तर सगळे हसले. आणि ज्याला ते म्हणायची संधी होती, थेट त्याच्या बायकोच्या कानात, तो मी. मी म्हणालो, बरा आहे. कामात आहे. मेलेल्या माणसाला कामात ठेवलं की त्याच्या जागी कुणीतरी लागतं.

म्हणून आज रंजिताला फोन केला. ठरवून केला. तिने उचलल्याबरोबर सांगितलं: केरू मेला. चौदा महिन्यांपूर्वी. वादी खरूसला, पाण्यात.

ती हसली.

म्हणाली, किती वर्षांनी मस्करी केलीत. पण स्वतःच्या तोंडाने असं अभद्र बोलू नये. आवाज आता कसा अगदी पहिल्यासारखा झालाय तुमचा.

मी ओरडलो. ती हसत राहिली. इतकी खुशीत—

उशीर केला मी. अठरा तारखेला माझ्या आवाजात सांगितलं असतं तर तिने ऐकलं असतं. आता माझ्याकडे फक्त केरूचा आवाज आहे, आणि केरूच्या तोंडून केरू मेला हे कोण मानेल?

३ डिसेंबर, सकाळ

एकच उपाय. वर जायचं, केरूला शोधायचं, फोटो काढायचा. तो फोटो रंजिताला आणि पोलिसांना. प्रेतासमोर तरी कुणी ऑनलाइन म्हणणार नाही.

त्याच्या चेहऱ्याने लॉगआउटही होईल. होईलच.

आकाश काळं आहे. यादीत काय उरलंय ते मला माहीत आहे. तरी जातो. न गेलो तरी ठिपका जाईलच, मग निदान माझ्या पायाने जाऊ दे.

३ डिसेंबर, दुपार

पाणी.

वादी ओलांडून दहा पावलं गेलो असेन. आवाज आला, आधी वाटलं ट्रक. मागे वळलो तर दगडगोट्यांच्या जागी तपकिरी भिंत. बाईक गेली. खाली साजिदाचं फाटक दिसतंय, ती हात हलवतेय, काही तरी ओरडतेय. ऐकू येत नाही. मध्ये पाणी.

खाली वाट नाही. वरच आहे फक्त.

वर

ऊन पडलंय. लख्ख.

दार उघडं आहे.

उंबऱ्याबाहेर हेल्मेट. चार. चपला काढून ठेवाव्यात तशी ओळीने. पुढे एकाची जागा—

पार्सलं सगळी आत. न फोडलेली. एक फोडलं. जॅकेट. नवं. माझ्या मापाचं. पाठीवर तोच आकडा.

भिंतीला टेकून चौघे बसलेत. मांडीवर फोन. चारही चालू. चौघांच्या बोटांत तो उजेड—

केरू कोणता, ओळखता येत नाही. चौघेही केरू दिसतात.

पहिल्यासमोर फोन धरला. ॲप म्हणतं, डोळे उघडा.

मी म्हटलं मला नाही, ह्याला सांग. ॲप परत— डोळे उघडा.

आणि त्याने—

नाही. लिहायचं नाही ते. वेळ नाही. वहीवर अबुजरचा पत्ता चिकटवलाय, ‘रिटर्न’ लिहिलंय, दाराबाहेर ठेवतो. पुढचा रायडर नेईल. पार्सल पोचतं आपल्यात, माणूस पोचला नाही तरी—

चौघेही बघतायत. मागे सरकून जागा करतायत—

भावांनो. ऐका. मोर्चा नको, घोषणा नको. एक काम. ह्या पानामागे नंबर आहे. रंजिता मांडवकर. वही मिळेल त्याने उठून फोन करायचा. आत्ता, जेवायच्या आधी. माझा आवाज ती ऐकत नाही, तुमचा ऐकेल. आधी स्वतःचं नाव सांगा, पूर्ण, बापाच्या नावासकट, म्हणजे तिला कळेल दुसराच कुणी बोलतोय. ती रडेल. थांबू नका. मी थांबलो. बरा आहे म्हणू नका. कामात आहे म्हणू नका. सरळ म्हणा, ताई, केरू मे